सतरा नंबरची काच

भांडुप (पश्चिम),
रविवार, ८ जून १९८६

प्रिय शुभा,

तुझं पत्र तुझी मैत्रीण प्रेमा गुरुवारी घरी देऊन गेली. इकडे सगळं ठीक. तुम्हीही मजेत असाल असं लिहायची पद्धत आहे, पण तू मजेत नाहीस हे तुझ्या पहिल्याच ओळीत कळलं, म्हणून नाही लिहीत. फर्स्ट क्लासबद्दल अभिनंदन. मला खात्री होती. तुझा नंबर मी पेपरात शोधला, माझा शोधायचा प्रश्नच नव्हता.

आता माझी बातमी. मार्चपासून मी कामाला लागलोय. इथे स्टेशनपासून वीस मिनिटांवर गाळ्यांची वसाहत आहे, तिथल्या एका गाळ्यात रंगाची पूड बनवतात. तू हसशील. काचेच्या पट्ट्यांवर ज्याचा थर चढावा म्हणून आपण लॅबमध्ये दोन-दोन दिवस बीकरकडे डोळे लावून बसायचो ते कॅडमियम सेलेनाइड मी इथे घमेल्याने उपसतो. शुद्ध नाही म्हणा, सल्फाइडमध्ये मुरलेलं. कॅडमियमचं पिवळं सल्फाइड घ्यायचं, त्यात सेलेनियमची काळी पूड कालवायची आणि भट्टीत घालायचं. सेलेनियम थोडं घातलं की नारिंगी, जास्त घातलं की लाल, आणखी घातलं की सुकलेल्या आमसुलासारखा काळपट लाल. पाण्यात विरघळत नाही, उन्हात उडत नाही, तापवलं तरी रंग टिकतो. म्हणून प्लास्टिकवाले घेतात, चिनी मातीवाले घेतात, लाल काचा करणारे घेतात. तुमच्या मुलुंडला दुकानाबाहेर लाल बादल्या टांगलेल्या असतात ना, त्यातली एखादी माझी असेल.

सोबतीला धाकूमामा आहेत. बाबांचे गिरणीतले जोडीदार. संपानंतर बाबा वॉचमन झाले आणि धाकूमामा भट्टीवर आले. त्यांनीच मला इथे चिकटवलं. शेठ बरा आहे. विष आहे, तोंडाला फडकं बांधा, म्हणतो आणि फडकं मात्र आपलं आपण आणायचं.

पुरे माझं. तुझ्या पत्राकडे येतो.

म्हणजे कारखानीस सर अजून तिथेच अडून बसलेत. बिघडलेल्या प्रत्येक काचेपुढे वहीत कारण लिहायचं, रकाना रिकामा ठेवायचा नाही, हा त्यांच्या लॅबचा कायदा. आणि सतराव्या काचेपुढे तू काही लिहिलं नाहीस म्हणून एम.एस्सी.च्या शिफारसपत्रावर ते सही करत नाहीत. 'माझं बोट लागलं' एवढे तीन शब्द त्यांना हवेत. तू त्यांना सांगितलंस की मी बोट लावलेलं नाही, खोटं लिहिणार नाही. शाब्बास. पुढे मला लिहिलंस की चंदू माझ्यासाठी कॉलेज सोडून गेला, मग मला एम.एस्सी. सोडता येत नाही का, तू सांगशील तसं करीन.

ही ओळ मी किती वेळा वाचली ते लिहीत नाही.

तर मग ऐक. अजिबात लिहू नकोस. जानेवारीतला तो बुधवार मी विसरलेलो नाही. युनिव्हर्सिटीचे दोन पाहुणे उभे, तुझ्या काचांवर काय सुंदर लाल थर चढलेला, नुसता दिवा जवळ नेला की मीटरचा काटा पळायचा. उजेड पडला की याचा रोध उतरतो, हे तू त्यांना किती छान समजावून सांगत होतीस. आणि सरांनी नेमकी सतरावी उचलली. मधोमध डाग, तिथे थर धरलाच नव्हता. तर पाहुण्यांदेखत म्हणतात, "मुलींना साधी काच कडेने धरता येत नाही, या संशोधन काय करणार." माझं डोकंच फिरलं यार. त्यांच्या हातातली काच हिसकली आणि फरशीवर आपटली. मग पॅसेजमध्ये नेऊन मला म्हणाले, माफी माग नाहीतर लॅबमध्ये पाय ठेवू नकोस. मी ठेवलाच नाही. कॉलेजातही नाही.

अशा माणसाच्या हाताखाली दोन वर्षं काढायची? नकोच ते. तुझे अण्णा रागावतील, रागावू देत.

पत्र प्रेमाच्या पत्त्यावरच टाकतोय. तुझ्या घरी माझं अक्षर नको.

तुझा,
चंदू

*

भांडुप,
बुधवार, १८ जून १९८६

प्रिय शुभा,

पत्र मिळालं. घरी आई-बाबा बरे. आईचा खोकला कमी आहे.

तू विचारलंस, त्या काचा बीकरमध्ये सोडल्या त्या सकाळी लॅबमध्ये कोण कोण होतं ते आठवून लिही. पाच महिन्यांनी आता काय आठवणार गं? तू होतीस. मी होतो. लॅबचा शिपाई राजाराम झाडू मारून गेला असेल. आणखी कोणी आलं-गेलं असेल तर माहीत नाही. कशाला उकरून काढतेस? काच फुटली, विषय संपला.

त्यापेक्षा दुसरी गंमत सांगतो. रविवारी ग्रंथालयात गेलो होतो, तिथे खनिजांचा एक जाडजूड इंग्रजी कोश सापडला. आपण कधी विचारच केला नाही की आपलं कॅडमियम सेलेनाइड जमिनीत आपोआप सापडतं का. सापडतं. त्याला कॅडमोसेलाइट म्हणतात. सायबेरियाच्या दक्षिणेला तुवा म्हणून प्रांत आहे, तिथल्या वाळूच्या खडकात, वाळूच्या दाण्यांमधल्या फटींत काळे बारीक कण. पन्नास-साठ सालाच्या मधे कधीतरी रशियन लोकांनी शोधलं. पातळ थर लाल दिसतो आणि कण काळा, एकच पदार्थ. कॅडमियम जस्ताबरोबर मिळतं, सेलेनियम तांब्याच्या गाळात मिळतं, पण हे दोघंच एकमेकांना धरून बसलेत अशा जागा जगात फार थोड्या. कोशात म्हटलंय, हवेतला प्राणवायू जिथे पोचत नाही तिथेच हे होतं. मी तो परिच्छेद वहीत उतरवून घेतला. का, ते तुला कळेल. नाही कळलं तर राहू दे.

एक सांगायचं टाळत होतो, पण आता तू भेटायला ये म्हणतेस म्हणून सांगावंच लागतं. माझ्या तोंडाला लसणीचा वास येतो. घामालाही. लसूण न खाता. पहिल्यांदा धाकूमामांनीच टोकलं, "काय रे चंदू, सकाळी सकाळी लसणीची चटणी खाऊन इलंस काय? आवशीक सांग, लसूण कमी घाल." आई म्हणाली बाहेर खातोस. मग त्याच कोशात कळलं की सेलेनियमची वाफ किंवा पूड अंगात गेली की शरीर तिला श्वासातून असं बाहेर टाकतं. धाकूमामांनाही येतो, पण त्यांचा त्यांना कळत नाही. माझा मला कळत नाही. दुसऱ्यांना कळतो.

त्यामुळे हल्ली मी चार हात लांबून बोलतो. कट्ट्यावर बसणं सोडलं. पोरं चांगली आहेत, तोंडावर काही बोलत नाहीत, नुसती सरकून बसतात. घरात रात्री बाबा ड्यूटीवर, आई लवकर झोपते. मी भिंतीकडे तोंड करून झोपतो. दिवसात एकूण किती शब्द बोललो ते मोजलं परवा, चाळीसही झाले नसतील, त्यात 'भट्टी उघडू का' चार वेळा. लॅबमध्ये आपण किती बडबडायचो ना? तू आकडे सांगायचीस, मी लिहायचो आणि मधेच तू म्हणायचीस, चंदू, बघतोयस कुठे, आकडा चुकला. खरंच चुकलेला असायचा.

म्हणून भेटायला येत नाही. दुसरं कारण नाही.

सोमवारी मात्र कॉलेजवर गेलो होतो, ट्रान्सफर सर्टिफिकेटचं बघायला. फाटकात राजाराम भेटला. मी रुमाल तोंडावर धरूनच बोललो. तो म्हणाला, तू सुट्टीतही रोज येतेस, त्याच्याकडून लॅब उघडून घेतेस आणि संध्याकाळपर्यंत बसतेस. कशाला येतेस शुभा? परीक्षा झाली, प्रोजेक्ट झाला. फॉर्म भरायचा नाही असं आपलं ठरलंय ना?

अण्णा म्हणतात एम.एस्सी. नसेल तर नाशिकचं स्थळ बघू, हे वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. पण तू घाबरू नकोस. थोडा टाइम काढ. शेठ म्हणतो, दोन वर्षांत भट्टी माझ्या ताब्यात देईल. मग मी येतो अण्णांसमोर. नीट कपडे घालून येतो. तोपर्यंत नाही म्हणत राहा. सरांनाही आणि नाशिकलाही.

पाचव्या पानावर लिहायला आणखी काही आहे असं वाटलं होतं, पण नाही.

तुझाच,
चंदू

*

भांडुप,
रविवार, २९ जून १९८६

शुभा,

काल प्रेमा येऊन गेली. पत्र नव्हतं तिच्याकडे. तू पत्र दिलं नाहीस, निरोपही दिला नाहीस, ती आपणहून आली. आमच्या चाळीच्या जिन्यात उभ्याउभ्या तिने मला सगळं सांगितलं, तू सुट्टीत लॅबमध्ये काय करत होतीस ते.

अकरा काचा. एकीला अमोनिया कमी घातलास. एक नुसत्या पाण्याने धुतलीस, ॲसिडमध्ये उकळलीच नाहीस. एक बीकर गार ठेवलास, एक सारखा हलवलास. सोडियम सेलेनोसल्फेट एकदा ताजं वापरलंस, एकदा आठ दिवसांचं शिळं. कुठे थराचे पापुद्रे सुटले, कुठे नुसती पूड बसली, कुठे रंगच फिका आला. पण मधोमध तसा डाग पहिल्या दहांपैकी एकीवरही पडला नाही. ते सगळं वहीत तारखेनिशी लिहिलंस. सर म्हणतात ते खरं नाही, दुसरं काहीतरी कारण आहे आणि ते सापडेल, म्हणून. त्या माणसाला पुराव्याने उत्तर देणार होतीस तू.

आणि शेवटी, अकराव्या काचेवर, स्वच्छ धुऊन झाल्यावर तू मुद्दाम आपला अंगठा दाबलास. दोन दिवसांनी काच काढली तर डाग. तसाच. अंगठ्याच्या आकाराचा कोरा. तू प्रेमाला म्हणालीस, सतरावीवरचा याहून मोठा होता असं वाटतं, मग तूच म्हणालीस, मला मोठा आठवत असेल, तेव्हा सगळे बघत होते ना.

प्रेमा सांगत होती, त्यानंतर तू बराच वेळ आपले हात बघत बसलीस आणि म्हणालीस, "म्हणजे मीच लावलं असणार. माझ्या हातांवर माझा भरवसा होता गं."

मंगळवारी सर येणार आहेत आणि तू वहीत ते तीन शब्द लिहिणार आहेस. सही होईल, शनिवारच्या आत फॉर्म जाईल. प्रेमा म्हणाली, "बरं झालं बाबा एकदाचं. ती सुटली, तूही सुटलास."

ती सहज म्हणाली. तिला काही माहीत नाही. ती गेली आणि मी जिन्यातच बसून राहिलो. येणारे-जाणारे पाय वाचवून जात होते. खरंच सुटत होतो ना मी? तुला एम.एस्सी. मिळत होती, मी तुझ्यासाठी कॉलेज सोडणारा तसाच राहत होतो आणि कोणी काही विचारणार नव्हतं. मी आजपर्यंत तुला लिहू नकोस, नाही म्हण असं सांगत होतो, तेसुद्धा तुझ्या चांगल्यासाठी होतं असं आता कायमचं म्हणता आलं असतं. रात्रभर हेच घोळवलं. पण प्रत्येक वेळी तू हात बघत बसलेली दिसायचीस. पुढे आयुष्यभर काच उचलताना तू थबकशील. तुझ्यासारखे हात त्या अख्ख्या लॅबमध्ये कोणाचे नाहीत, आणि तू त्यांनाच खोटं पाडणार आहेस.

ते बोट तुझं नाही. माझं आहे.

नीट सांगतो, कारण तुला वहीत लिहावं लागेल. सोमवार, १३ जानेवारी, संक्रांतीचा आदला दिवस. काचा तू क्रोमिक ॲसिडमध्ये उकळून, धुऊन, चिमट्याने स्टँडवर लावल्या होत्यास. मग नळावर बीकर धुवायला गेलीस. पाठ माझ्याकडे. राजाराम झाडू मारून गेला होता, दुसरं कोणी नव्हतं. मी सतरा नंबरची काच उचलली. चिमट्याने नाही, हाताने. डोळ्यासमोर धरली आणि तिच्यातून तुझ्याकडे बघितलं.

एवढंच. दुसरं काही कारण नाही. मला तुझ्याकडे बघायचं होतं आणि उघड बघायची छाती नव्हती. वळून पाहिलंस तर काच तपासतोय असं दिसलं असतं. तू वळलीस, विचारलंस, स्वच्छ आहेत ना? मी म्हटलं, झकास. आणि काच परत लावून ठेवली. मग तू ती बीकरमध्ये सोडलीस. संक्रांतीच्या सुट्टीत दोन दिवस तिच्यावर थर चढत होता, माझा अंगठा सोडून.

बुधवारी सरांनी ती वर धरली तेव्हा मला लगेच कळलं. माझ्या उजव्या अंगठ्यावर आडवी खूण आहे, आठवीत असताना गावी फणस कापताना विळी लागली होती. कापलेली ती खाच काचेला टेकली नव्हती, म्हणून त्या कोऱ्या डागातून एक बारीक लाल रेघ आरपार गेली होती. तुझ्या अकराव्या काचेवर अशी रेघ नसणार. सर काच खिडकीकडे फिरवत होते. तुला बोलले ते मी ऐकलं, संतापही आला, ते खोटं नाही. पण हात पुढे गेला तो संतापाने नाही. आणखी थोडा वेळ त्यांनी पाहिली असती तर रेघ दिसली असती. म्हणून आपटली. आपटून वर चपलेने तुकडे रगडले, तेही तुम्हाला रागच वाटलं. मीच ते इतक्यांना इतक्या वेळा राग म्हणून सांगितलं की मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

आणखी एक. पॅसेजमध्ये सर माफी माग म्हणाले नव्हते. ते म्हणाले, "घाडी, उद्या डोकं शांत झालं की ये आणि काय झालं ते सांग." नंतर दोनदा राजारामला घरी पाठवलं होतं. मी आईला सांगून ठेवलं होतं, मी नाही म्हण. कॉलेज मी तुझ्यासाठी सोडलं नाही शुभा. 'काय झालं ते सांग' याला घाबरून सोडलं. संप, बाबांची नोकरी, सरांचा माज, जो विचारेल त्याला वेगळं काहीतरी सांगत गेलो. तुला सांगितलेलं मला सगळ्यांत आवडलं होतं, म्हणून तेच धरून बसलो.

सर तुला मुलींवरून जे बोलले ते चूकच होतं. ते त्यांनी परत घ्यायला हवं आणि तू ते मागून घे. आता तुझ्याकडे पुरावा आहे. अकरा काचांची वही आणि हे पत्र. रकान्यात लिही, 'चंद्रप्रकाश घाडी याचा उजवा अंगठा लागला'. बस. त्यांना विश्वास वाटला नाही तर हे पत्र खुशाल वाचायला दे. यात लाज वाटण्यासारखं जे आहे ते सगळं माझं आहे, तुझं काही नाही.

तू सांगशील तसं करीन, असं मला लिहिलं होतंस. ते परत घे. फॉर्म भर, पण मी सांगतोय म्हणून नको.

मला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल असं लिहिणार होतो. चालणार नाही. पण लिहू नकोस असं वाटलं तर लिहू नकोस, मी प्रेमाकडे विचारायला जाणार नाही. हे पत्र पोस्टाने मंगळवारपर्यंत पोचेल याची खात्री नाही, म्हणून उद्या कामावर जायच्या आधी घाटकोपरला तिच्या हातात देतो.

बाबा गिरणीत पगाराच्या दिवशी अंगठा उमटवायचे. सही करणारा आमच्या घरातला मी पहिला. आज दोन्ही करतो. पेनातली शाई लावून खाली उजवा अंगठा दाबलाय, तीनदा, कारण पहिले दोन फिसकटले. तिसऱ्यात रेघ स्वच्छ आलीय. सरांना भिंगाखाली बघायला सांग.

चंद्रप्रकाश गुणाजी घाडी
टी.वाय.बी.एस्सी., रोल नंबर ४२, नाव कमी केलेला